वीस रुपयांची जाग

परीक्षा तोंडावर आल्या की आमच्या वसतिगृहाच्या कचऱ्याचं रूपच बदलतं. पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर आहे आणि दिवसा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सकाळी सहाच्या सुमारास मावशी तिन्ही मजल्यांवरचे डबे रिकामे करत खाली येतात, प्लास्टिक वेगळं काढतात आणि भंगारवाल्यासाठी पोत्यात भरून ठेवतात. एरवी ते पोतं भरायला पंधरवडा लागतो. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, सुरू झाली की चार दिवसांत भरतं. त्यात पाण्याच्या बाटल्या थोड्या आणि एनर्जी ड्रिंकच्या छोट्या लाल-निळ्या बाटल्याच जास्त. "मॅडम, पोरी हे काय पितात एवढं? औषध आहे का?" असं मावशींनी मला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. "सरबतासारखंच असतं काहीतरी," असं सांगून मी पुढे गेले. त्या उत्तराची मला आज खंत वाटते.

गेल्या हिवाळी परीक्षेत रात्री दोन वाजता माझं दार वाजलं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला तिच्या रूममेटने धरून आणलं होतं. छातीत धडधड, हाताला कंप, तळवे घामाने ओले. "मॅडम, मला अटॅक येतोय का?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. रिक्षा करून आम्ही तिला जवळच्या रुग्णालयात नेलं. ईसीजी ठीक निघाला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दिवसभराचं खाणंपिणं विचारलं. दुपारी एक वडापाव, संध्याकाळपासून दोन कप चहा आणि नऊनंतर तीन बाटल्या. दोन-तीन तास लक्ष ठेवून, पाणी पाजून त्यांनी तिला पहाटे सोडलं. दहा वाजता तिने पेपर दिला.

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, "एका बाटलीत कॅफीन किती असतं गं?" ती जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी. विकरांची अख्खी समीकरणं तिला तोंडपाठ, पण हा आकडा तिला सांगता आला नाही. मलाही तो ठाऊक नव्हता, आणि मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पोत्यातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि लेबल वाचायला घेतलं. चकचकीत पार्श्वभूमीवर बारीक अक्षरं, तीही बाटलीच्या वळणावर. नाव आणि विजेचं चित्र रस्त्यापलीकडून दिसेल एवढं मोठं, आणि कॅफीनचा आकडा शोधायला बाटली दोनदा फिरवावी लागते. मराठीचा तर प्रश्नच नाही. खाद्यपदार्थावरचा अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचं समाधान होतं. जालन्याहून किंवा अक्कलकुव्याहून मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलीने "लॅक्टेटिंग" आणि "सेन्सिटिव्ह टु कॅफीन" हे शब्द लेबलच्या त्या कोपऱ्यात शोधून समजून घ्यावेत, अशी आपली अपेक्षा आहे.

आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांत या पेयांचं नाव "कॅफीनयुक्त पेय" असं आहे. लिटरमागे किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफीन, ही त्याची व्याख्या. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. लहान मुलं, गर्भवती, स्तनदा माता आणि ज्यांना कॅफीन सोसत नाही अशांसाठी हे पेय योग्य नाही, आणि दिवसाला ५०० मिलिलिटरहून जास्त पिऊ नये, असा इशाराही लेबलवर द्यावा लागतो. माझ्या विद्यार्थिनीने लेबलवरची मर्यादा रात्री अकराच्या आतच ओलांडली होती.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ७५ मिलिग्रॅम हा काही भयंकर आकडा नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असल्याचं म्हटलं आहे. दिवसभराची मर्यादा त्यांनी ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. म्हणजे एक बाटली ही एका कडक कॉफीहून जास्त नाही. "या बाटलीत विष आहे" असं सांगत फिरणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश मुली पाच सेकंदांत उडवून लावतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

अडचण बेरजेत आहे. चहाचा कप आपल्याकडे कोणी मोजत नाही. सकाळी मेसचा एक, दुपारी कॅन्टीनचा एक, संध्याकाळी टपरीवरचे दोन. या चार चहांचेच १२० ते २६० मिलिग्रॅम होतात. त्यावर लेबलने मुभा दिलेल्या दोन बाटल्या घेतल्या तर आणखी १५०. म्हणजे लेबलचं तंतोतंत पालन करणारी मुलगीसुद्धा दिवसाअखेर ३००च्या पलीकडे सहज जाते. जिमला जाणारी मुलं व्यायामाआधी जी पावडर पाण्यात ढवळून घेतात, तिच्या एका चमच्यातच अनेकदा दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. तीही या बेरजेत धरायला हवी. शिवाय चहा गरम असतो, घोटाघोटाने प्यावा लागतो आणि टपरी कधीतरी बंद होते. थंड, गोड, बुडबुड्यांचं पेय तहानेपोटी दोन मिनिटांत संपतं आणि दुसरं खोलीतच ठेवलेलं असतं. साखरेचंही तेच. २५० मिलिलिटरच्या साखरवाल्या कॅनमध्ये २७ ग्रॅमपर्यंत साखर असते, म्हणजे पाच चमच्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घेतलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगते.

दारूत हे पेय मिसळायची पद्धत वेगळीच धोक्याची. कॅफीनमुळे नशा चढल्याचं जाणवत नाही, आणि माणूस पीत राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन घातलेल्या मद्याच्या चार उत्पादकांना ताकीद दिली, त्यामागे हेच कारण होतं. आपल्याकडे पार्ट्यांत हे मिश्रण घरच्या घरी होतं.

माझा मुख्य आक्षेप "एनर्जी" या शब्दाला आहे. ऊर्जा म्हणजे काय हे आपण आठवीपासून शिकवतो. या बाटलीत खरी ऊर्जा असते ती साखरेची, आणि तेवढी दोन केळ्यांतही मिळते. कॅफीन ऊर्जा देत नाही. जागेपणी आपल्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफीनचा रेणू आकाराने त्याच्यासारखाच, म्हणून तो त्या जागा आधी अडवून बसतो. अ‍ॅडेनोसिन मात्र तिथेच साठत राहतं. कॅफीन उतरलं की सगळं एकदम येऊन आदळतं. पेपरच्या दिवशी दुपारी मुली "मॅडम, डोकं बंद पडलं" असं म्हणतात ते हेच. झोप मिळाली असं शरीराला कधीच वाटलेलं नसतं, तिची आठवण फक्त दाबून ठेवलेली असते.

आणि ते उतरायला वेळ लागतो. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री बाराला दोन बाटल्या घेतल्या, तर पहाटे पाचला एक अख्खी बाटली अंगात शिल्लक असते. म्हणून "चारला झोपून सातला उठते" म्हणणारी मुलगी चारला आडवी होते, पण तिला झोप लागत नाही. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही एकूण झोप तासाभराहून जास्त घटते, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. रात्रभर वाचायचं आणि ते पक्कं करणारे तास पुसून टाकायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला कुठल्याच जनजागृतीच्या पोस्टरवर दिसली नाही. पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार, यासाठी आमच्या अनेक मुलींना हार्मोनच्या गोळ्या दिल्या जातात. गर्भनिरोधक म्हणून वापरल्या जातात त्याच या गोळ्या. त्यांमुळे यकृतात कॅफीनचं विघटन मंदावतं आणि ते शरीरात जवळपास दुप्पट वेळ टिकतं. अशा मुलीसाठी तो पाच तासांचा हिशेब दहावर जातो. तिची मैत्रीण दोन बाटल्या पचवून शांत बसलेली असते आणि हिचे हात थरथरतात, तेव्हा "माझंच मन कमकुवत आहे" असं ती धरून चालते. तिला कोणीतरी हे सांगायला नको का?

आता जागरूकतेबद्दल. मी गेल्या काही महिन्यांत वर्गात आणि मेसमध्ये मुलींशी खूप बोलले. "हे आरोग्याला चांगलं नाही" हे जवळजवळ प्रत्येकीला माहीत आहे. एका बाटलीत किती कॅफीन, दिवसाला किती चालतं, किती वाजल्यानंतर घेऊ नये, कोणत्या गोळीबरोबर घेऊ नये, हे जवळजवळ कोणालाच माहीत नाही. पहिल्या प्रकारच्या माहितीचा उपयोग शून्य. ती मनाला टोचणी लावते, पण हात थांबवत नाही. वेफर्स, मॅगी, मोबाइल, सगळंच चांगलं नाही हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. आपल्या व्याख्यानांत आणि पथनाट्यांत मात्र पहिल्याच प्रकारची माहिती असते. आकडा सांगा, घड्याळ सांगा. चौकोनी कागदावर मराठीत एवढंच लिहून मी आमच्या मेसच्या पाण्याच्या कूलरवर चिकटवलं आहे: एका बाटलीत ७५, एका चहात ३० ते ६५, दिवसाला ३००च्या आत, संध्याकाळनंतर नको. तो कागद मुली फोटो काढून घरी धाकट्या भावांना पाठवतात. आमच्या आधीच्या कुठल्याही पोस्टरचा फोटो कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

कायद्याकडे वळते. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात जास्त कॅफीनच्या पेयांची विक्री रोखण्याची घोषणा केली. हेतू चांगलाच होता. पण महाराष्ट्रात अकरावी-बारावी कुठे भरते? फार मोठ्या संख्येने ती वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरते. सोळा वर्षांचा मुलगा आणि एम.एस्सी.ची विद्यार्थिनी एकाच कॅन्टीनच्या एकाच फ्रीजसमोर उभी असतात. "लहान मुलांसाठी नाही" हा इशारा या सोळा वर्षांच्या मुलाला लागू आहे की नाही, हे काउंटरवरच्या माणसाला कोणी सांगितलेलं नाही. पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालच्यांना या पेयांची विक्री बंद केली. लिथुआनिया आणि लॅटव्हियाने त्याआधीच. आपल्याकडे घोषणेतला "शाळा" हा एक शब्द बदलून "शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयं" असा केला, तरी मोठं काम होईल.

अठरा वर्षांच्या पुढच्यांवर मात्र बंदी नको, असं माझं ठाम मत आहे. त्या मतदार आहेत, चहा-कॉफी पितात, त्यांना हेही पिता आलं पाहिजे. आवारात बंद केलं तर फाटकाबाहेरची टपरी आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅफीनयुक्त पेयांवर ४० टक्के, म्हणजे वरच्या टोकाचा जीएसटी लागतो, तरीही छोटी बाटली मुलीला चहा-बिस्किटाच्याच भावात मिळते. पैशाचा धाक इथे चालणार नाही.

मग प्रश्न राहतो तो हा, की या मुलींना रात्री दोन वाजता जागं का राहावं लागतं? आपण शिक्षक आणि विद्यापीठं या प्रश्नाला बगल देतो आणि सगळं "आजकालच्या मुलांच्या सवयी" या एका वाक्यात गुंडाळतो. आमच्याच आवारातली गोष्ट सांगते. सत्राच्या शेवटच्या दहा दिवसांत पाच विषयांची सबमिशन्स, प्रॅक्टिकलची जर्नल्स, अंतर्गत चाचण्या आणि तोंडी परीक्षा एकावर एक येतात. प्रत्येक प्राध्यापकाला स्वतःच्या विषयाची तारीख वाजवी वाटते. त्या पाच तारखा एका मुलीच्या वहीत शेजारीशेजारी कशा दिसतात, हे आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नसतं. मी स्वतः वर्षानुवर्षं शेवटच्या आठवड्यात जर्नल मागत आले. रात्रभर जागून अभ्यास केला की मुली "नाइट मारली" म्हणतात; हा शब्द मुलींनी हौसेने घडवलेला नाही, आमच्या वेळापत्रकातून तो आला आहे.

त्यात मुलींचं आणखी निराळं आहे. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडं, आणि वसतिगृहाचं फाटक नऊला बंद. म्हणजे मुलगा ग्रंथालयात उजेडात, शांततेत चार तास वाचून अकराला परततो, आणि मुलीला नऊनंतर चार कॉटच्या खोलीत, बाकीच्या तिघींचे फोन आणि गप्पा संपेपर्यंत थांबावं लागतं. शांतता मिळते तीच साडेबाराला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुली पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहतात, तिथली अवस्था याहून कठीण. शिकता शिकता काम करायच्या "कमवा व शिका" योजनेतल्या मुलींचा दिवसाचा वेळ आधीच कामात गेलेला असतो. मेस साडेनऊला बंद होते, अकराला भूक लागते आणि जवळपास मिळतं ते एवढंच: चिप्स, मॅगी आणि ती बाटली. मुलीला खरं तर वरणभात हवा असतो. तो मिळत नाही म्हणून ती वीस रुपयांत भूक आणि पेंग दोन्ही मारते.

आणि आपण हे पेय तिच्यापर्यंत पोहोचवायला मदतही करतो. आमच्या वार्षिक महोत्सवाला एका पेय कंपनीने प्रायोजकत्व देऊ केलं होतं. मी त्या समितीत होते आणि कागदावर सही केली. तीन दिवस प्रवेशद्वारापाशी थंडगार कॅन फुकट वाटले गेले, अकरावीच्या मुलांनाही. कॅन्टीनमधला काचेचा फ्रीज कंपनीच देते, म्हणून त्यात डोळ्यांसमोरच्या फळीवर काय ठेवायचं हेही तीच ठरवते. ताकाच्या पिशव्या खाली, भाजीच्या क्रेटमागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना आवारातलं जंक फूड बंद करण्याबाबत लिहिलं होतं. ते पत्र आमच्या कार्यालयात एका फायलीत आहे. फ्रीजच्या फळीवर कधी कोणी बघितलं नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही काही गोष्टी केल्या. वसतिगृह समितीशी भांडून परीक्षेच्या काळात मेस साडेअकरापर्यंत उघडी ठेवली. मुगाची खिचडी, ताक, केळी, गरम दूध एवढंच. स्वयंपाकाच्या ताईंना जादा तासांचे पैसे द्यावे लागतात, आणि दरडोई हिशेब केला तर ते एका बाटलीच्या किमतीच्या आतच बसतात. तळमजल्यावरचा टेबल टेनिसचा हॉल रात्री नऊ ते एक अभ्यासिका म्हणून खुला केला, बोलायचं नाही एवढ्या एकाच नियमावर. पहिल्या रात्री अकरा मुली आल्या, आठवड्याने खुर्च्या कमी पडल्या. पुढच्या महोत्सवात कॅफीनच्या पेयाचं प्रायोजकत्व घ्यायचं नाही, असं समितीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं. त्यावर वाद झाला, "पैसे कुठून आणणार?" हा प्रश्न खराच होता; तीनऐवजी दोन दिवसांचा महोत्सव चालेल, असं शेवटी विद्यार्थी प्रतिनिधींनीच सांगितलं. बाटल्या थांबल्या नाहीत. मावशींचं पोतं अजूनही भरतं, चारऐवजी आठ-नऊ दिवसांत.

ग्रंथालय आणि फाटक यांच्या वेळा एकच असाव्यात, यासाठीचा अर्ज प्राचार्यांकडे आहे. आणि पाच विषयांच्या सबमिशनच्या तारखा पीएलच्या आधी किमान एक आठवडा संपाव्यात, दोन तारखांमध्ये दोन दिवसांचं अंतर असावं, असा ठराव मी विभागांच्या संयुक्त बैठकीत मांडला. "पाहू" असं उत्तर मिळालं. जूनमध्ये नवं सत्र सुरू होण्याआधी पुढची बैठक आहे. तेव्हा मी त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सोबत नेणार आहे, तिची गेल्या सत्राची तारखांची वही घेऊन. ती यायला तयार आहे.